चाकावरचं बल मोजणारे वायरलेस टेलिमेट्री सेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-ठाण्याकडच्या बाहा आणि फॉर्म्युला टीममधले (म्हणजे स्वतः गाडी बनवून स्पर्धेत उतरणारे) विद्यार्थी, वाहन चाचणीत नव्याने लागलेले इंजिनिअर आणि अधूनमधून एखादे ट्रान्सपोर्टवाले हे प्रश्न पाठवत असतात. बहुतेकांना आधी रेडिओबद्दल विचारायचं असतं. पण रेडिओचं काम लवकर मार्गी लागतं. मोजमाप फसतं ते कोन, झिरो आणि कॅलिब्रेशन या तीन जागी. घाई असेल तर प्रश्न ९, १० आणि ११ आधी वाचा.

१. चाकावरचं बल मोजायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं? वजनच ना?

वजन हा त्यातला एक भाग. रस्ता चाकाला तीन दिशांनी ढकलतो: खालून वर, पुढे-मागे आणि आडवा. शिवाय या तीन अक्षांभोवती तीन टॉर्क असतात. म्हणजे एकूण सहा आकडे. १,२०० किलोची गाडी सपाट जागी उभी असेल तर एका चाकावर सरासरी २,९५० न्यूटन उभा लोड येतो. इंजिन पुढे असलेल्या गाडीत पुढच्या चाकांवर त्याहून जास्त, मागच्यांवर कमी. ब्रेक दाबला की लोड पुढे सरकतो, वळणावर बाहेरच्या चाकांकडे जातो. चाकाच्या आसाभोवतीचा टॉर्क म्हणजे ब्रेकचा किंवा ड्राइव्हचा टॉर्क. सस्पेन्शनचा आर्म किती जाड हवा, ब्रेकचा जोर पुढे-मागे कसा वाटायचा, टायर कुठे सुटायला लागतो, हे सगळं या सहा आकड्यांवरून ठरतं.

२. सेन्सर बसतो कुठे आणि काम कसं करतो?

रिम आणि हब यांच्या मध्ये. मूळ रिमचा मधला भाग काढून टाकतात आणि त्या जागी सेन्सरचं कडं बसवतात. ते एका बाजूने रिमला आणि दुसऱ्या बाजूने अ‍ॅडॅप्टरमार्फत हबला बोल्टने जोडलेलं असतं. टायरकडून हबकडे जाणारं सगळं बल या कड्यातूनच जातं. कड्याच्या बारीक दांड्यांवर स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. दांडी कणभर ताणली किंवा दबली की गेजचा रेझिस्टन्स बदलतो. धातू ताणला की त्याचा रेझिस्टन्स बदलतो हे लॉर्ड केल्विनने १८५६ मध्ये दाखवलं होतं. चिकटवता येणारा गेज १९३८ च्या सुमारास अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी स्वतंत्रपणे तयार केला. चार गेज व्हीटस्टोन ब्रिजमध्ये, म्हणजे चौकोनी जोडणीत, जोडले की फार छोटं व्होल्टेज हाती येतं. साधारण २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट धरा, म्हणजे ५ व्होल्ट दिले तर पूर्ण लोडला फक्त १० मिलिव्होल्ट.

किस्लरचे रोडाइन आणि एमटीएसचे स्विफ्ट हे या प्रकारातले जगभर वापरले जाणारे संच.

३. वायरच का नाही वापरत? स्लिप रिंग असते ना?

असते, आणि अजूनही वापरतात. फिरत्या कड्यावर ब्रश घासत राहतो आणि सिग्नल बाहेर येतो. पण ब्रश झिजतात. धूळ-पाणी शिरलं की संपर्काचा रेझिस्टन्स बदलतो, आणि १० मिलिव्होल्टच्या सिग्नलमध्ये तो बदल थेट नॉइज (खोटी चढउतार) म्हणून मिसळतो. म्हणून सिग्नल चाकावरच वाढवून डिजिटल करायचा आणि मग बाहेर पाठवायचा. एकदा डिजिटल झाला की तो स्लिप रिंगने पाठवा किंवा रेडिओने, आकडा बिघडत नाही. टेलिमेट्रीचा, म्हणजे डेटा बिनतारी पाठवण्याचा, खरा फायदा घासणारा भाग उरत नाही हा आहे.

४. गाडीत टीपीएमएस आहेच. त्यातून बल कळत नाही का?

नाही. टीपीएमएस हवेचा दाब आणि तापमान सांगतो, आणि बॅटरी वाचवण्यासाठी थोड्या थोड्या वेळाने एखादाच निरोप पाठवतो. लोड वाढला तरी टायरमधला दाब अगदीच किंचित बदलतो, त्यावरून लोड काढता येत नाही.

५. फिरत्या चाकाला वीज कुठून द्यायची?

दोन मार्ग आहेत. तयार संचांत बहुधा इंडक्शनने वीज देतात: एक कॉइल स्थिर, एक फिरती. ती कितीही वेळ चालते, पण कॉइलमधलं अंतर सांभाळावं लागतं. दुसरा मार्ग बॅटरीचा.

बॅटरी घेणार असाल तर आधी हिशेब करा. ३५० ओहमचा एक ब्रिज ५ व्होल्टवर १४ मिलिअँपिअर खातो. सहा ब्रिज म्हणजे ८६. ३.७ व्होल्टच्या लिथियम बॅटरीतून ५ व्होल्ट वाढवून घेताना हेच जवळपास १३० होतात. वर एडीसी (सिग्नल डिजिटल करणारी चिप), प्रोसेसर आणि रेडिओ. एकूण २०० च्या आसपास धरा, म्हणजे १,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पाच तास पुरली तरी पुष्कळ. १,००० ओहमचे गेज घेतले तर ब्रिजचा खर्च जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. नव्याने बनवणाऱ्यांनी तेच घ्यावेत.

बॅटरी चाकाच्या अगदी मध्यावर बसवा. ०.३ मीटर त्रिज्येचं चाक ताशी १०० किलोमीटरने फिरताना केंद्रापासून १५ सेंटिमीटरवरच्या वस्तूला सुमारे १३० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १३० पट, बसतात. ५० ग्रॅमची बॅटरी तिथे साडेसहा किलोच्या जोराने बाहेर खेचली जाते. वेल्क्रो किंवा दुहेरी टेप यापुढे टिकत नाही, स्क्रूने आवळलेली डबीच हवी.

६. कोणती फ्रिक्वेन्सी वापरावी? परवाना लागतो का?

भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हे पट्टे ठरलेल्या शक्तीच्या आत विनापरवाना वापरता येतात. मात्र उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता, म्हणजे ईटीए, लागते. लॅमिंग्टन रोडवरून मॉड्यूल घेताना त्याला ईटीए आहे का हे विचारा, आणि सिग्नल वाढवायला अ‍ॅम्प्लिफायर लावू नका.

निवड डेटाच्या वेगावरून करा. सहा बलं आणि एक कोन, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला १,००० वेळा: एका चाकाचेच १६८ किलोबिट प्रति सेकंद होतात. ८६५ च्या पट्ट्यातले अरुंद चॅनेल याला अपुरे पडतात. लोरा तर नाहीच, तो अंतरासाठी आहे, वेगासाठी नाही. तुम्हाला चाकापासून डिकीपर्यंतच जायचं आहे, २.४ गिगाहर्ट्झ योग्य.

७. लॅबमध्ये सगळं नीट चालतं, गाडी निघाली की डेटा तुटतो. का?

तुटतो कसा ते आधी पाहा. प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागी तुटत असेल तर तो अँटेनाचा प्रश्न आहे: ती रिम किंवा ब्रेकच्या धातूआड गेली की सावली पडते. अँटेना चाकाच्या बाहेरच्या तोंडावर आणि मध्याजवळ आणा. घेणाऱ्या बाजूला दोन अँटेना ठेवा, एक चाकाच्या कमानीजवळ, एक वर.

अधूनमधून कसाही तुटत असेल तर गर्दीचा प्रश्न. अंधेरी किंवा लोअर परळला सिग्नलवर गाडी थांबली की चहूबाजूंच्या इमारतींचे वायफाय एकाच पट्ट्यात असतात. चॅनेल बदलून थोडा फरक पडतो. खरा उपाय वेगळा: सगळा डेटा चाकावरच्याच फ्लॅश मेमरीत साठवा आणि रेडिओ फक्त नजर ठेवायला वापरा. प्रत्येक पॅकेटला क्रमांक आणि वेळ द्या. मधलं पॅकेट हरवलं तर सॉफ्टवेअरने दोन टोकं सरळ रेषेने जोडू नयेत. हरवलेली जागा रिकामी दिसली पाहिजे, नाहीतर नेमका खड्ड्यातला धक्का गायब होतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

८. एचएक्स७११ हा एडीसी स्वस्त मिळतो. तो चालेल का? आणि सेकंदाला किती नोंदी घ्याव्यात?

उभ्या गाडीचं वजन करायला चालेल, धावत्या चाकाला नाही. तो सेकंदाला जास्तीत जास्त ८० नोंदी देतो. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळपास ९ फेरे मारतं, म्हणजे एका फेऱ्याला ९ नोंदी, दोन नोंदींमध्ये ४० अंश. बॉडीचं हेलकावणं १ ते १.५ हर्ट्झ आणि चाकाचं उसळणं १० ते १५ हर्ट्झ असतं, पण खड्ड्याच्या कडेचा धक्का याच्या कितीतरी वर जातो. टिकाऊपणाच्या चाचणीला किमान ५००, शक्य असेल तर १,००० नोंदी घ्या आणि एडीसीच्या आधी अँटिअलायझिंग फिल्टर (नोंदींच्या वेगाला न झेपणारी कंपनं गाळणारा) लावा.

ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरच्या आतला १२ बिटचा एडीसी थेट ब्रिजला जोडल्याचे फोटो बरेच येतात. ३.३ व्होल्ट भागिले ४,०९६ म्हणजे एक पायरी ०.८ मिलिव्होल्टची. तुमचा पूर्ण सिग्नल १० मिलिव्होल्टचा. अख्ख्या रेंजला बारा पायऱ्या मिळतील. मध्ये इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर हवाच.

९. सेन्सर चाकाबरोबर फिरतो. मग उभं बल कोणतं आणि पुढे-मागेचं कोणतं, हे कळतं कसं?

कोनावरून. फिरत्या कड्याला उभं-आडवं काही कळत नाही. त्याच्या दोन चॅनेलवर फेऱ्यागणिक साइन आणि कोसाइन लाटा येतात. चाकाचा कोन एन्कोडरने मोजायचा आणि त्या दोन लाटा फिरवून जमिनीच्या अक्षांवर आणायच्या. गणित चार ओळींचं आहे, पण सगळ्यात जास्त घात इथेच होतो.

कोन १ अंशाने चुकला तर उभ्या लोडचा १.७५ टक्के भाग पुढे-मागेच्या बलात शिरतो. ३,००० न्यूटनवर तो ५२ न्यूटन. याच चाकाचा रोलिंग रेझिस्टन्स ३० ते ४५ न्यूटन असतो. म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स मोजायला निघालात तर एका अंशाची चूक तुमच्या अख्ख्या उत्तरापेक्षा मोठी आहे.

वायरलेसची खरी अडचण इथेच आहे. ताशी ६० किलोमीटरला चाक एका मिलिसेकंदात ३.२ अंश फिरतं. बल चाकावर मोजलं, कोन गाडीतल्या बोर्डावर मोजला आणि रेडिओच्या वाटेत बलाला एक मिलिसेकंद उशीर झाला, तर १६० न्यूटनहून जास्त खोटं बल तयार होतं. उशीर वेगाप्रमाणे मोठा होत नाही, चूक मात्र मोठी होते, म्हणून असा डेटा ‘वेगाबरोबर ड्रॅग वाढतो’ असं अगदी पटण्याजोगं चित्र दाखवतो. कोन आणि बल एकाच घड्याळावर, एकाच क्षणी, चाकावरच नोंदवा. ते जमत नसेल तर दोन्हीकडची घड्याळं जुळवा आणि प्रत्येक नोंदीला वेळ चिकटवा.

तपासायची सोपी रीत: सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलला टाकून एकदा ताशी २० ने आणि एकदा ६० ने सोडा. पुढे-मागेचं बल दोन्हीत फार वेगळं आलं तर आधी घड्याळाकडे बघा.

१०. झिरो कधी आणि कसा घ्यायचा? जॅक लावून टेअर केलं, म्हणजे आकडा शून्यावर आणला, तर पुरे ना?

पुरत नाही. चाक हवेत असलं तरी टायर आणि रिमचं वजन सेन्सरवर लटकलेलं असतं, समजा १८ किलो, म्हणजे पावणेदोनशे न्यूटन. एकाच स्थितीत टेअर केलंत तर हे वजन त्या दिशेला कायमचं कोरलं जातं. मग गाडी धावताना ते चाकाबरोबर फिरतं आणि प्रत्येक फेऱ्याला एक लाट दिसते. ती लाट पाहून लोक चाकाचं बॅलन्सिंग करायला धावतात.

बरोबर पद्धत अशी: चाक उचला, हाताने सावकाश पूर्ण फेरे फिरवा आणि प्रत्येक चॅनेलची पूर्ण फेऱ्यांवरची सरासरी झिरो धरा. अर्धा फेरा चालणार नाही. हँडब्रेक सोडलेला असू द्या आणि गाडी न्यूट्रलमध्ये, नाहीतर घासणाऱ्या पॅडचा टॉर्क झिरोत शिरेल. हेच चाचणी संपल्यावर पुन्हा करा. आधीचा आणि नंतरचा झिरो यातला फरक अहवालात लिहा.

११. कॅलिब्रेशन लॅबला पाठवायचे पैसे नाहीत. आमच्या वर्कशॉपमध्ये जमेल का?

पूर्ण सहा अक्षांचं नाही, पण कामापुरतं नक्की जमेल. मला विचाराल तर रेडिओवर खर्च करण्याआधी इथे करा.

एक चांगला एस-टाइप लोड सेल (खेचण्याचं बल मोजणारा सेन्सर) घ्या आणि तेवढा एक एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमधून प्रमाणपत्रासह तपासून आणा. तो तुमचा संदर्भ. नागदेवी स्ट्रीटला मिळणारी चेन पुली, दोन शॅकल आणि एक भक्कम फ्रेम असली की चाकाला पुढे, मागे आणि आडवं खेचता येतं. लोड पायऱ्यापायऱ्यांनी चढवा आणि तसाच उतरवा. चढताना व उतरताना आकडा वेगळा आला तर बहुतेक वेळा बोल्ट सैल किंवा तोंडं अस्वच्छ असतात.

प्रत्येक लोडला सहाही चॅनेल नोंदवा. फक्त आडवं खेचलं असताना उभ्या चॅनेलवर काही दिसत असेल तर तो क्रॉसटॉक. या सगळ्यातून सहा बाय सहाच्या कॅलिब्रेशन मॅट्रिक्समधले, जे लोड दिले त्यांचे रकाने भरतात. आणि हे चाकाच्या एकाच स्थितीत करून थांबू नका. दर ४५ अंशाला फिरवून पुन्हा तोच लोड द्या. गणित बरोबर असेल तर जमिनीच्या अक्षांवरचं उत्तर सगळीकडे एकच येतं.

उभा लोड तपासायला चाक वजनकाट्यावर ठेवणार असाल तर एक गोष्ट सांभाळा. गाडी जॅकवरून खाली येताना चाक थोडं बाहेर सरकू पाहतं, काट्याचा पृष्ठभाग त्याला अडवतो आणि आडवं बल अडकून राहतं. चाकाखाली ग्रीस लावलेले पत्र्याचे दोन तुकडे एकावर एक ठेवा. वरचा पत्रा सरकलेला डोळ्यांना दिसतो आणि आडवं बल झिरोकडे येतं.

शंट रेझिस्टर हा याला पर्याय नाही. ३५० ओहमच्या एका भुजेला १०० किलोओहम समांतर लावला की ०.८७ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट आलं पाहिजे. त्यातून अ‍ॅम्प्लिफायर आणि रेडिओची साखळी ठीक आहे एवढंच कळतं, गेज नीट चिकटलाय की नाही ते नाही. रोज सकाळी तपासणी म्हणून मात्र तो उत्तम.

१२. पावसाळ्यात रीडिंग आपोआप सरकत राहतं. सेन्सर खराब झाला का?

बहुतेक वेळा गेजखाली किंवा सोल्डरच्या टॅबवर ओल शिरलेली असते. गेज आणि धातू यांच्यातलं इन्सुलेशन शेकडो मेगओहमच्या वर हवं. ते खाली आलं की झिरो भटकतो. साध्या मल्टिमीटरवर हे दिसत नाही. कमी व्होल्टेजवर मेगओहम मोजणारं मीटर वापरा. इलेक्ट्रिशियनचा ५०० व्होल्टचा मेगर गेजला लावू नका, गेज मरेल.

जून ते सप्टेंबर मुंबईत गेज चिकटवायचा असेल तर एसी चालू असलेली बंद खोली लागते. माइल्ड स्टील घासल्यावर दमट हवेत त्यावर बघता बघता तांबूस छटा येते. ती आली की पुन्हा घासा, आयसोप्रोपिलने पुसा आणि लगेच चिकटवा. पुसताना कापूस एकाच दिशेने फिरवा, मागे आणलात तर काढलेली घाण परत लागते. सायनोअ‍ॅक्रिलेट हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे या दिवसांत तो गेज नीट बसायच्या आत धरतो. टिकाऊ कामाला भट्टीत पकवायचा इपॉक्सी बरा.

वरून सील करताना व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन टाळा. त्यातलं अ‍ॅसिटिक आम्ल वायर आणि गेज खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलाच घ्या.

१३. घाटात उतरताना बल हळूहळू बदलताना दिसतं, रस्ता मात्र तोच. का?

ब्रेकची उष्णता. बोरघाटासारख्या उतारावर डिस्क शेकडो अंशांवर जाते आणि ती उष्णता हबमधून कड्यात येते. पूर्ण ब्रिजमध्ये चारही गेज सारखे तापले तर परिणाम एकमेकांना कापतो, पण हबकडची बाजू गरम आणि रिमकडची थंड असेल तर कापत नाही. कड्यावर दोन ठिकाणी तापमान नोंदवा. खाली पोचल्याबरोबर, गार होण्याआधी, प्रश्न १० प्रमाणे झिरो घ्या. किती सरकला ते तिथेच कळेल. लिथियम बॅटरीही ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

१४. आमची बाहाची टीम आहे. तयार संच परवडणं शक्यच नाही. काय करावं?

चाक सोडा, सस्पेन्शनच्या लिंक पकडा. पुशरॉड किंवा आर्मच्या दोन्ही टोकांना रॉड एंड (मोकळे फिरणारे सांधे) असतील तर त्यात फक्त ताण किंवा दाब असतो. त्यावर पूर्ण ब्रिज लावायचा, वर्कशॉपमधल्या युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर कॅलिब्रेट करायचा आणि साध्या वायरने डेटा घ्यायचा. सगळ्या लिंक मोजल्या तर भूमितीवरून चाकावरची बलं मागे काढता येतात. फिरणं नाही, कोन नाही, रेडिओ नाही. तुमच्या एफईए (संगणकावरच्या ताण-विश्लेषणाच्या) अहवालात ‘३ जी गृहीत धरले’ याऐवजी स्वतः मोजलेला आकडा येईल, आणि परीक्षकांना त्यात खरा रस असतो. रिम कापून स्वतः कडं बनवायचा मोह मात्र आवरा. ते तुटलं तर चाक निखळतं.

१५. खड्ड्यात सेन्सरने दाखवलेलं बल म्हणजेच टायर आणि रस्ता यांच्यातलं बल का?

नाही, आणि हा फरक मोठा असतो. सेन्सर रिम आणि हब यांच्या मध्ये आहे, त्याच्या बाहेर टायर आणि रिमचं वस्तुमान उरतं. ते १८ किलो असेल आणि पेव्हर ब्लॉकच्या उखडलेल्या कडेवर चाक २० जी ने वर उसळलं, तर त्या वस्तुमानालाच ३,५०० न्यूटन लागतात. रस्त्याने दिलेलं बल सेन्सरच्या आकड्यापेक्षा तेवढं जास्त असतं. हबवर अ‍ॅक्सेलरोमीटर लावून ही भर घालता येते. सस्पेन्शनच्या टिकाऊपणासाठी सेन्सरचाच आकडा हवा, कारण हबपर्यंत तेवढंच पोचतं. टायर किंवा रस्त्याचा अभ्यास असेल तर भर घालायलाच हवी.

१६. असा सेन्सर लावून गाडी मुंबईच्या रस्त्यावर चालवता येईल का?

चालवू नका. कड्याचा काही भाग आणि एन्कोडर धरून ठेवणारा दांडा चाकाच्या बाहेर येतो, आणि आपल्याकडे दुचाकी अगदी खेटून जातात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरबदल करण्यावर बंधनं घालतं, हा आणखी एक मुद्दा. चाचणी ट्रॅकवर जा. कुठेही चालवा, बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा आणि पहिले काही किलोमीटर झाल्यावर थांबून पुन्हा तपासा.

१७. स्कूटरला लावता येईल?

तयार संच क्वचितच बसतो, रिम आणि हबच्या मध्ये जागाच नसते. फोर्क किंवा अ‍ॅक्सलवर गेज लावा, बाकी प्रश्न १४ प्रमाणे.

१८. ट्रकमध्ये जास्त माल भरला की नाही, हे यातून पकडता येईल का?

त्यासाठी वजनकाटा आहे, तो स्वस्तही आहे आणि कायद्याने मान्यही. पण ट्रक रस्त्याचं काय करतो हे समजायला हा सेन्सर मोलाचा आहे. १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेत इलिनॉयला झालेल्या आशो रोड टेस्टमधून असं दिसलं की रस्त्याचं नुकसान साधारण अ‍ॅक्सल लोडच्या चौथ्या घाताने वाढतं. २०१८ मध्ये आपल्याकडे चार टायरच्या सिंगल अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. लोड पावणेतेरा टक्के वाढला, चौथ्या घाताने नुकसान ६० टक्क्यांच्या वर जातं. हा उभ्या ट्रकचा हिशेब झाला. खड्ड्यात आपटणारं चाक क्षणभर याहून बराच जास्त लोड देतं, आणि तो वजनकाट्यावर कधीच दिसत नाही.

१९. लोकलच्या चाकांवर असं मोजतात का?

रेल्वेच्या चाकांवरही मोजतात, पण पद्धत वेगळी. तिथे रिम आणि हब वेगळे नसतात, म्हणून चाकाच्या तबकडीवरच गेज लावतात आणि सिग्नल अ‍ॅक्सलवरून टेलिमेट्रीने काढतात. मुख्य लक्ष आडव्या आणि उभ्या बलाच्या गुणोत्तरावर असतं. ते एका मर्यादेपुढे गेलं की चाक रुळावर चढू शकतं. ही मर्यादा काढायचं नादालचं सूत्र १९०८ पासून वापरात आहे. मुंबईच्या लोकल आता २५ किलोव्होल्ट एसीवर धावतात आणि परतीचा करंट चाकांतूनच रुळात जातो. त्यामुळे गेजच्या वायर पिळलेल्या आणि शील्ड केलेल्या हव्यात, इलेक्ट्रॉनिक्स अ‍ॅक्सलपासून इन्सुलेट केलेलं हवं, आणि स्पेक्ट्रममध्ये (फ्रिक्वेन्सीच्या आलेखात) ५० हर्ट्झला टोक दिसलं तर ते रुळाचं समजण्याआधी अर्थिंग तपासा.